तोटा फक्त बसलाच कसा काय होतो?

मागच्या अंकात नुसतं एवढंच छापलं होतं की प्रवास, टोल, तिकीट, टॅक्स याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा आणि मेसेजेसचा ढीग पडला, त्यातले निम्मे प्रश्न नव्हतेच, शिव्या होत्या, त्या बाजूला काढल्या. उरलेल्यातले काही घेतोय. "काका तुम्ही कोण" असं दोघा-तिघांनी विचारलंय, तर मी एका सार्वजनिक बससेवेच्या लेखा शाखेत तीस वर्षं वेबिलं (कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाचे कागद) तपासत आणि तोट्याचे तक्ते भरत काढली, त्यामुळे माझा कल बसकडे आहे हे आधीच कबूल करतो. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न : मागच्या दिवाळीत अकरा लाखांची पेट्रोल गाडी घेतली. आरटीओत रोड टॅक्स म्हणून सव्वा लाखाच्या वर भरले. पेट्रोल भरताना परत टॅक्स. आणि घरातून निघून अर्ध्या तासात टोल नाका, तिथे फास्टॅग कापतो. एकाच रस्त्याचे तीनदा पैसे का? आणि एवढं देऊन सर्व्हिस रोडला खड्डेच. (कऱ्हाड)

दादा, आकडा बरोबर आहे तुमचा. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के लागतो, म्हणजे अकरा लाखांवर १ लाख ३२ हजार. पण ज्याला आपण सगळे रोड टॅक्स म्हणतो त्याचं कायद्यातलं नाव मोटार वाहन कर. त्यात 'रस्ता' हा शब्दच नाहीये. तो कर वाहनावर आहे, आणि तो भरला की राज्याच्या एकत्रित निधीत जाऊन पडतो. त्याच हौदात दारूवरचं शुल्क पडतं, घराची स्टॅम्प ड्युटी पडते, आणि मग त्यातून शिक्षकांचे पगार, पेन्शनी, दवाखाने, लाडक्या बहिणींचे दीड हजार आणि हो, रस्तेसुद्धा. तुमच्या सव्वा लाखातले किती रस्त्यावर गेले हे सांगता येत नाही, कारण पैशावर नाव लिहिलेलं नसतं. सरकारवर तसं बंधनही नाही.

पेट्रोलची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती मला फार आवडते म्हणून थोडी लांबवतो. पेट्रोलवर थोडा जास्तीचा कर लावून तो फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवायचा ही कल्पना आपल्याकडे आली ती १९२७ साली नेमलेल्या एका समितीमुळे, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो तेच, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या लायब्ररीत एमपीएससीची पोरं डबा घेऊन सकाळपासून जागा धरून बसतात, त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की पेट्रोलवरच्या सेसचे आजोबा हेच. त्यांच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये रस्ते निधी सुरू झाला. पुढे २००० साली त्याचा नवा कायदा झाला, केंद्रीय रस्ते निधी, आणि २०१८ मध्ये नावात 'पायाभूत सुविधा' घुसवलं. नाव बदललं म्हणजे कामही बदललं, आता त्यातून रेल्वे, जलमार्ग, अगदी शाळा-दवाखान्यांच्या इमारतींनासुद्धा पैसे देता येतात. जयकरांनी डबा बंद करून झाकण लावलं होतं, आपण हळूहळू ते झाकण सैल केलं.

आता लिटरचा हिशोब. मे २०२२ नंतर बराच काळ केंद्राचे पेट्रोलमागे १९ रुपये ९० पैसे होते (एप्रिल २०२५ मध्ये दोन वाढले). त्या १९.९० मध्ये रस्ते आणि पायाभूत सुविधांचा सेस ५ रुपये, शेतीचा अडीच, विशेष जादा शुल्क ११, आणि मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. राज्यांना वाटा मिळतो तो फक्त या एक चाळीसमधून! बाकीचं वाटणीत येतच नाही. मग राज्य काय करणार, ते आपला व्हॅट लावतं, आपल्याकडे २५ टक्के आणि वर लिटरमागे काही ठरलेले रुपये. म्हणजे तुम्ही दोघांना देताय, आणि दोघांपैकी कुणीही तुमच्या सर्व्हिस रोडला बांधलेला नाही.

टोल हा कर नव्हेच, ते शुल्क आहे. अमुक रस्ता बांधायला कर्ज काढलं, ते त्या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून फेडायचं. तत्त्व म्हणून मला ते पटतं सुद्धा. फक्त कर्ज फिटल्यावर काय, तिथे घोळ आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं बघा, २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांची टोलवसुली कंपनीला देऊन रस्ते विकास महामंडळाने त्याबदल्यात ८,२६२ कोटींचा सौदा केला. म्हणजे आज जो टोल कापला जातो तो रस्त्याच्या खर्चापोटी कमी आणि त्या सौद्यापोटी जास्त. तिथला फलक वाचून हे कुणाला कळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आणि टोल रद्द करा म्हणणाऱ्यांनी कोल्हापूर आठवा. शहरातल्या शहरात टोल, लोक रस्त्यावर उतरले, एन. डी. पाटील सरांनी त्या वयात मोर्चे काढले, शेवटी टोल गेला, बरोबरच झालं. पण कंपनीचे पैसे? ते राज्याच्या तिजोरीतून गेले. म्हणजे रंकाळ्याच्या रस्त्यासाठी गडचिरोलीतल्या माणसाने विकत घेतलेल्या काडेपेटीवरच्या टॅक्सचाही चिमूटभर वाटा लागला. मुंबईच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांना टोलमाफी झाली तेव्हाही हेच.

खड्ड्यांचं म्हणाल तर सर्व्हिस रोड नेमका कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा, हायवेवाले, बांधकाम खातं की नगरपालिका. तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील, म्हणून लेखी विचारा.

प्रश्न : तीन हजारांचा फास्टॅग वार्षिक पास काढला, दोनशे ट्रिप चालतात म्हणाले, पण काही ठिकाणी तरी पैसे कापले गेले. फसवणूक आहे का? (चिंचवड)

नाही. तो पास ऑगस्ट २०२५ पासून आहे पण फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या टोलला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी हे राज्याचे, तिथे नेहमीसारखा कापणारच. निघण्याआधी रस्ता कुणाचा ते बघून घ्या.

प्रश्न : बायकांना अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना फुकट, पोरांना पास. एसटी तोट्यात जाणार नाही तर काय होणार? मी तर एसटीत बसतही नाही, माझ्या टॅक्सच्या पैशातून ही खैरात कशाला? (परभणी)

हा प्रश्न वेगवेगळ्या भाषेत सतरा जणांनी पाठवलाय, सगळ्यात सभ्य तुमचा होता म्हणून छापला.

आधी व्यवहार कसा चालतो ते बघा. अमृत योजना, म्हणजे ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ती ऑगस्ट २०२२ पासून. महिलांना ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून. कंडक्टर बाईंना अर्धं तिकीट देतो, मशीनमध्ये त्या सवलतीची वेगळी नोंद होते, महिन्याच्या शेवटी उरलेल्या अर्ध्याचा हिशोब एसटी सरकारला पाठवते आणि सरकार ती रक्कम देतं. याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे सवलत एसटीने दिलेली नाही, सरकारने दिलीये, एसटीने फक्त सेवा विकलीये, अर्धे पैसे बाईंनी दिले आणि अर्धे सरकारने. यात एसटीला तोटा होण्याचं कारणच नाही, झाला तर तो पैसे उशिरा येण्यामुळे होतो. उलट ज्या गाड्या अर्ध्या रिकाम्या पळायच्या त्या भरून जायला लागल्या. मी रिटायर झाल्यावरही सवयीने गाडीत चढलो की माणसं मोजतो, बघितलंय मी. रिकामी सीट पळवायला जेवढं डिझेल लागतं जवळपास तेवढंच भरलेली सीट पळवायला लागतं, हे गणित तर तुम्हीही मान्य कराल.

आता दुसरी बाजू, जी पेपरात येत नाही. एसटीच्या तिकिटात प्रवासी कर असतो, साडेसतरा टक्के. १९५८ च्या कायद्याने लागलेला. म्हणजे शंभर रुपयांच्या तिकिटातले ढोबळमानाने पंधरा-सतरा रुपये एसटीचे नव्हेतच, ते सरकारचे, कंडक्टर नुसता गोळा करतो. शहर बसला हाच कर साडेतीन टक्के आहे. का बुवा? पुण्यात पीएमपीत बसणाऱ्याला साडेतीन आणि परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या शेतमजुराला साडेसतरा, हे कोडं मला तीस वर्षांत कुणी उलगडून सांगितलं नाही. शिवाय एसटी डिझेल घेते त्यावर राज्याचा व्हॅट, केंद्राचा सेस, डिझेल जीएसटीत नाही त्यामुळे भरलेला कर कुठे वळता करून घेता येत नाही. मार्च २०२२ मध्ये तर घाऊक डिझेल पंपावरच्या डिझेलपेक्षा महाग झालं होतं, तेव्हा महामंडळाच्या गाड्या स्वतःच्या डेपोतला पंप सोडून खाजगी पंपावर रांगेत उभ्या होत्या. सरकारचं महामंडळ, सरकारला व्हॅट देतंय, सरकारला प्रवासी कर देतंय, आणि मग सरकारकडे हात पसरून प्रतिपूर्ती मागतंय, या हाताचं त्या हातावर. आणि मधल्या मधे नाव कुणाचं खराब, तर अर्धं तिकीट काढणाऱ्या बाईचं.

म्हणून "माझ्या टॅक्सच्या पैशातून" हे जे आपण म्हणतो ना त्यात एक गृहीत असतं, की टॅक्स भरणारा म्हणजे कारवाला किंवा पगारातून टीडीएस कापला जाणारा. एसटीत बसणारी बाई टॅक्स भरत नाही असं आपण धरून चालतो. ती साबणावर भरते, चपलेवर भरते, मोबाईलच्या रिचार्जवर भरते, आणि तिकिटावर साडेसतराच्या दराने भरते, म्हणजे दराच्या हिशोबात वरच्या कऱ्हाडच्या दादांनी गाडी घेताना आरटीओत भरले त्याहून जास्तच! फक्त तिची पावती कुणी फ्रेम करून लावत नाही.

तोटा खरा आहे, तो मी लपवत नाही. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली त्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवलाय. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढवूनसुद्धा चित्र फार बदललेलं नाही. कारणं अनेक आहेत, कोविड, मग ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ चा लांबलेला संप, जुन्या गाड्या, वडाप (माणसं भरून पळणाऱ्या खाजगी जीपा), आणि आमच्यासारख्यांची कागदं फिरवायची सवय पण, ते मी नाकारत नाही. पण एक गंमत बघा, गावाच्या रस्त्याला डांबर टाकलं तर तो रस्ता 'तोट्यात' गेला असं कुणी कधी म्हणतं का? रस्ता एक रुपया कमवत नाही. पूल कमवत नाही. त्यांच्यावरचा खर्च म्हणजे विकास, गुंतवणूक, नारळ फोडा. आणि त्याच रस्त्यावरून चाळीस माणसं नेणाऱ्या गाडीवर केलेला खर्च म्हणजे तोटा, खैरात. शब्द कोण ठरवतं यावर सगळं आहे.

तुम्ही एसटीत बसत नाही म्हणता, नका बसू. पण तुमच्या दुकानातला पोरगा, दवाखान्यातली नर्स, मुलांच्या कॉलेजातल्या अर्ध्या मुली कशाने येतात ते एकदा विचारून बघा.

प्रश्न : काका, आमच्या गावाला रात्री साडेनऊची मुक्कामाची गाडी यायची आणि पहाटे सहाला परत जायची. तीच बंद केली. साहेबांना विचारलं तर म्हणाले भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, तोट्यात आहे. माझी मुलगी त्याच गाडीने बारावीच्या क्लासला जायची. आता काय करायचं? (पाटण तालुका)

ताई, मुक्कामाची गाडी म्हणजे गावाचं घड्याळच असतं, ती बंद झाल्यावर काय होतं ते मी समजू शकतो. कोणतं आगार ते छापत नाही, कारण ही गोष्ट सगळीकडची आहे.

अडचण कुठे आहे सांगतो. ज्या कायद्याखाली ही महामंडळं चालतात, १९५० चा, त्याच्या २२ व्या कलमात लिहिलंय की महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर काम करावं. आणि लोकांची अपेक्षा, मंत्र्यांची भाषणं, सगळी सेवेची. मग होतं काय, शहर ते शहर शिवशाहीसारख्या गाड्या जे कमावतात त्यातून तुमच्या गावची गाडी चालायची, आतल्या आत भागवलं जायचं. पण तीच कमाईची गिऱ्हाइकं खाजगी ट्रॅव्हल्सने पळवली आणि ज्या खिशातून तुमची गाडी चालायची तो खिसाच फाटला. ट्रॅव्हल्सवाला तुमच्या डोंगरात मुक्कामाला येणार नाहीये, त्याला कुणी यायला सांगतही नाही.

खरं तर सरकारने सरळ म्हणायला पाहिजे की या या फेऱ्या तोट्याच्याच राहणार, त्या आम्ही एसटीकडून विकत घेतो, किलोमीटरमागे इतके रुपये. जसं सवलतीचे पैसे देता तसे फेरीचे द्या. ते होईल तेव्हा होईल.

तोवर करण्यासारखं हे : ग्रामसभेचा ठराव करा, नुसती सह्यांची यादी नको. ठरावात आकडे घाला, गाडीने जाणारी पासधारक मुलं किती, मुली किती, ज्येष्ठ किती, बाजाराच्या दिवशी किती. दोन-तीन गावं एकाच मार्गावर असतील तर तिघांचे ठराव एकत्र. प्रत आगार व्यवस्थापकांना, एक विभाग नियंत्रकांना. आणि मुक्कामाला आलेल्या चालक-वाहकाच्या झोपायची सोय कशी आहे ते पण बघा, पुष्कळदा भारमान हे कागदावरचं कारण असतं आणि खरं कारण असतं गळकं समाजमंदिर आणि नसलेला संडास. ग्रामपंचायतीने एक खोली नीट करून दिली की फेरी सुरू राहते, हे मी स्वतः फायलीत बघितलंय.

प्रश्न : उंड्रीत साठ लाखांचा फ्लॅट घेतला. स्टॅम्प ड्युटीत एक टक्का मेट्रो सेस लागला म्हणे, साठ हजार! आमच्याकडे मेट्रो तर सोडा, मेट्रोचा खांब पण दिसत नाही. हा कुठला न्याय? (पुणे)

हा एक टक्का अधिभार १ एप्रिल २०२२ पासून पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर इथे लागू आहे. पुण्यात म्हणून मुद्रांक शुल्क एकूण सात टक्के होतं, पाच मूळ, एक एलबीटीच्या (स्थानिक संस्था कराच्या) बदल्यातला, एक हा. तुमचे एकूण चार लाख वीस हजार झाले असतील, त्यात साठ हजार हे.

यामागचा विचार मला चुकीचा वाटत नाही. मेट्रोचं तिकीट विकून मेट्रोचा बांधकामखर्च निघत नाही, जगात जवळजवळ कुठेच नाही. पुण्याच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ११,४२० कोटी धरला होता, केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे भागीदार, आणि मोठा भाग युरोपियन आणि फ्रेंच बँकांचं कर्ज. कर्ज फेडणार कशातून? मेट्रो आली की आजूबाजूच्या जागेचे भाव वाढतात. त्या वाढीत ज्याने मेट्रो बांधली त्याचाही हक्क आहे, म्हणून जागेच्या व्यवहारातून थोडं काढून घ्यायचं.

आता गफलत कुठे झाली तर वाढलेल्या भावाचा फायदा मिळतो वनाजच्या, गरवारेच्या, पिंपरीच्या स्टेशनाशेजारच्या जुन्या मालकाला, ज्याने वीस वर्षांपूर्वी घर घेतलं आणि जो आता विकतही नाहीये, त्याला काहीच भरावं लागत नाही. आणि भरतो कोण तर नवीन घर घेणारा, तेही मेट्रोपासून पाच-सात किलोमीटरवर. वसूल करायला सोपं म्हणून तिथे लावलं, इतकं सरळ आहे ते. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलेला माणूस चार लाख भरायला आलेला असतो, त्यात साठ हजार जास्तीचे तो दाताखाली धरून देतोच.

परत मिळणार नाहीत, ते स्पष्ट सांगतो. पण तुमच्या सोसायटीने एक मागणी जरूर करावी, की मेट्रो येईपर्यंत जवळच्या स्टेशनपर्यंत पीएमपीची फीडर गाडी द्या, दर दहा मिनिटांनी. पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून भरते, म्हणजे हा निर्णय मुंबई-दिल्लीत नाही, शहरातच होतो. साठ हजारांत निदान बसस्टॉपला शेड तरी मागा.

प्रश्न : बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. मुंबई महापालिका देशातली सगळ्यात श्रीमंत, हजारो कोटींच्या ठेवी. मग बेस्टला पैसे का देत नाही? (लालबाग)

देते. २०२५-२६ च्या बजेटात बेस्टसाठी एक हजार कोटी ठेवले होते. पुरत नाहीत.

तुम्ही लालबागचे म्हणजे तुमच्या घरचं लाईट बिल बेस्टचंच असणार. पूर्वी ही भानगड त्या बिलातून मिटायची. बेस्ट एका हाताने वीज विकते आणि दुसऱ्या हाताने बस चालवते, तर विजेतला नफा बसच्या तुटीत घालायचा, आणि पुढे तर शहरातल्या ग्राहकांच्या बिलावर वाहतूक तुटीची वेगळी रक्कमच लागायची. लोक कोर्टात गेले, की आम्ही वीज घेतो, बसचे पैसे का देऊ. कायद्याने विचार केला तर बरोबर आहे त्यांचं. पण मला ती पद्धत वाईट वाटत नव्हती, कारण एसी लावणारा मलबार हिलचा माणूस आणि बसने जाणारी त्याच्या घरची बाई यांचा हिशोब एकाच बिलात लागायचा. ती आता गेली, आणि दुसरं काही आणलं नाही.

२०१९ च्या जुलैत भाडं पाच रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी वाढले, हे खरं. पण भाडं कमी केलं की त्याच्या पोटी कुणीतरी दरवर्षी ठरलेले पैसे द्यायला लागतात, एसटीला जशी प्रतिपूर्ती मिळते तशी, अनुदान म्हणून मेहेरबानीने नव्हे. तो धागा सुटला. आता त्याच महापालिकेने सुमारे चौदा हजार कोटींचा कोस्टल रोड बांधला, टोल नाही, म्हणजे वापरणाऱ्याला फुकट, आणि दुचाकीला बंदी. कारवाल्याला चौदा हजार कोटींच्या रस्त्यावर शून्य रुपये, बसवाल्याला पाचचे दहा. मी कोस्टल रोडच्या विरोधात नाहीये, एकदा भाच्याच्या गाडीतून गेलो, छान वाटलं, समुद्र दिसतो. पण दोन्ही खर्च एकाच बजेटात शेजारी शेजारी मांडून बघा ना.

प्रश्न : कर, उपकर, अधिभार, शुल्क यात फरक काय? परीक्षेला येतं. (लातूर)

कर : बदल्यात अमुक मिळेल अशी हमी नाही. शुल्क : अमुक सेवेचे पैसे, उदा. टोल. उपकर म्हणजे सेस : ठरावीक कामासाठी लावलेला. अधिभार : करावर चढवलेला कर. केंद्राच्या सेस आणि अधिभारात राज्यांना वाटा नसतो, हे नक्की लिही. राज्य सूचीत प्रवाशांवरचा कर ५६ व्या नोंदीत, वाहनांवरचा ५७ मध्ये, टोल ५९ मध्ये. आणि तोंडी परीक्षेत विचारलंच तर शहर बसच्या तिकिटावर पूर्वी काही पैसे बालपोषण अधिभार लागायचा तो सांग, बसच्या तिकिटातून पोषण, परीक्षक खूश होतील.

प्रश्न : इथे मॅनहॅटनमध्ये गाडी नेली की आता ९ डॉलर. आमच्या न्यू जर्सीत सगळे चिडलेत. मुंबईत असं काही करता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

तुमच्याकडे ते ५ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, ६० व्या रस्त्याच्या खाली. लंडनने २००३ मध्येच केलं, तेव्हा ५ पौंड होते. तुम्ही चिडलात ते समजतं, कारण पैसे जर्सीवाल्यांचे आणि सुधारणा न्यूयॉर्कच्या सबवेची. पण त्या पैशाला नाव आहे, तो सबवे-बसकडेच जाणार आणि त्याच्या भरवशावर १५ अब्ज डॉलर उभे करायचेत असं आधी सांगून लावलाय.

योगायोग बघा, तुमचा ९ डॉलर सुरू व्हायच्या तीनच महिने आधी मुंबईने वेशीवरचा ४५ रुपयांचा टोल काढून टाकला. तो गर्दीसाठी नव्हता, उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, पण नाके तयार होते, कॅमेरे होते, लोकांना सवय होती. तेच ४५ चालू ठेवून "आता हे बेस्ट आणि लोकलसाठी" असं म्हटलं असतं तर? निवडणूक तोंडावर होती, कोण म्हणणार.

मला विचाराल तर पॅरिसची पद्धत आपल्याला जास्त जवळची आहे. तिथे १९७१ पासून अकरा किंवा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकाला पगाराच्या काही टक्के रक्कम शहराच्या वाहतुकीसाठी द्यावी लागते (आधी मर्यादा जरा वेगळी होती). कारण माणूस कामावर वेळेत पोचतो याचा फायदा मालकालाही होतो. आपण हसू नये, आपल्याकडे हे झालेलंय! तुम्ही अमेरिकेत जाण्याआधी इथे नोकरी केली असेल तर पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. तो महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीसाठी, शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे. तेव्हा कुणी "माझ्या पैशातून कशाला" म्हणून गळा काढल्याचं मला आठवत नाही, की मी तेव्हा लहान होतो म्हणून आठवत नाही, देव जाणे.

प्रश्न : एसटीच्या तिकिटात एक रुपया कसला असतो? (माणगाव)

अपघात सहायता निधीचा. एप्रिल २०१६ पासून आहे. गाडीला अपघात झाला तर जखमींना आणि मृतांच्या घरच्यांना मदत त्यातून मिळते. पूर्ण तिकिटात, अर्ध्या तिकिटात सगळ्यांकडून घेतात. या एवढ्या लांबड्या कॉलमात तो एकच रुपया असा आहे ज्याबद्दल मी डोळे मिटून सांगू शकतो की तो कशासाठी घेतला. त्यामुळे तिकीट खिडकीतून बाहेर फेकू नका, उतरेपर्यंत खिशात ठेवा, दावा करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.